ओढा, विहीर आणि दगडाखालची वस्ती

दसरा उलटला की पाऊस थांबतो. दिवाळी होते, थंडी पडते, आकाशात ढगाचा मागमूस नसतो. तरीही गावाबाहेरचा ओढा वाहतच असतो. महिनाभरात थेंब पडलेला नाही आणि पाणी मात्र चालू, हे कसे? शिक्षकांच्या शिबिरांत हा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. ‘डोंगरातून येते’, ‘झरे असतात’, ‘वरच्या तळ्यातून झिरपते’ अशी उत्तरे मिळतात. ती चुकीची नाहीत. पण झऱ्यात तरी ते कुठून आले? आणि ते डिसेंबरात संपणार की मार्चपर्यंत पुरणार, हे कशावर ठरते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागले की ओढ्याबरोबर गावातली प्रत्येक विहीरही चर्चेत येते, आणि मग विहीर ज्यांच्याकडे नाही ती माणसेही.

भूगोलाच्या पुस्तकात गंगा-गोदावरी असतात, नाईल असते. शाळेमागचा ओढा नसतो. वास्तविक नदीचे जाळे म्हणजे मुख्यतः असे ओढेच. हॉर्टन या अमेरिकन अभियंत्याने १९४५ साली प्रवाहांना क्रमांक देण्याची एक पद्धत मांडली आणि पुढे स्ट्रालर याने ती सोपी केली. ज्याला वरून एकही प्रवाह येऊन मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा. दुसऱ्याचे दोन मिळाले की तिसऱ्या श्रेणीचा. १:५०,००० प्रमाणाचा सर्वेक्षण नकाशा घेऊन मुलांकडून निळ्या रेषांना असे क्रमांक देऊन घ्यावेत आणि दोऱ्याने लांबी मोजून घ्यावी. बहुतेक लांबी पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतच भरते असे दिसेल. आपल्या भाषेने ही उतरंड फार पूर्वी ओळखली आहे: ओघळ, ओहोळ, ओढा, आणि कोकणात गेलात तर पऱ्या आणि वहाळ. सरकारी कागदावर मात्र या सगळ्यांचा ‘नाला’ होतो, आणि शहरात नाला म्हणजे गटार. नाव बदलले की वागणूकही बदलते असा आमचा अनुभव आहे.

उदाहरणासाठी पुरंदर तालुक्यातील कऱ्हा नदीचे खोरे घेऊ. आचार्य अत्रे यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्रामुळे हे नाव महाराष्ट्रभर माहीत झाले. सासवडच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून ही नदी सासवड, जेजुरी, मोरगाव असे करीत बारामती तालुक्यात नीरेला मिळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. अंजीर आणि सीताफळ यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात कऱ्हेला मिळणारे लहानलहान ओढे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या काठाने वाड्या-वस्त्या.

या ओढ्यांच्या तळाचा खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. महाराष्ट्राच्या भूभागापैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग या खडकाने व्यापला आहे, म्हणून पुढील विवेचन पुरंदरबाहेरच्या बहुतेक शाळांनाही लागू पडेल. हा खडक सगळीकडे सारखा नसतो. विहीर खणणाऱ्याला विचारा. तो क्रमाने सांगेल – वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा फत्तर, मध्ये कुठे तांबडा गेरूचा पट्टा. मुरूम म्हणजे कुजलेला, भुसभुशीत झालेला बेसॉल्ट. मांजऱ्या म्हणजे लाव्हातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिलेला थर. पाणी साठते ते प्रामुख्याने मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. अखंड काळ्या फत्तरात ते जवळजवळ शिरतच नाही. तेव्हा ‘जमिनीखाली पाण्याची नदी वाहते’ ही समजूत सोडून द्यावी. आपल्या पायाखाली आहे तो जाडीला कमी, ठिकठिकाणी तुटक असा ओला स्पंज. त्याच्या खाली फरशी आहे.

पावसाळ्यात हा स्पंज भरतो. भरलेल्या भागाचा वरचा पृष्ठभाग म्हणजे भूजलाची पातळी. ती सपाट नसते. टेकडीखाली ती उंच आणि ओढ्याकडे उतरती असते, साधारणपणे जमिनीच्या चढउताराला धरून. ओढ्याचा तळ हा त्या परिसरातील सर्वांत सखल भाग. भूजलाची पातळी जेथे ओढ्याच्या तळापेक्षा उंच असते तेथे पाणी काठांतून आणि तळातून ओढ्यात पाझरते. हिवाळ्यात ओढ्यात दिसते ते हेच पाणी. पावसाचे वाहून जाणारे पाणी तर काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून गेलेले असते. दिवाळीनंतरचा ओढा म्हणजे उघड्यावर आलेले भूजल. ओढा आणि काठावरची विहीर ही एकाच पाण्याकडे पाहण्याची दोन भोके आहेत असे म्हटले तरी चालेल.

याची खात्री मुलांना करून देता येते. गवंडी समपातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. तिच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने विहिरीच्या काठाची उंची ओढ्याच्या तळाशी जोडून घ्यावी, दोर सोडून विहिरीतील पाणी किती खाली आहे ते मोजावे, आणि वहीत काटछेद काढावा. ऑक्टोबरमध्ये विहिरीतील पाणी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल. पुढे दर महिन्याला ते खाली येत जाईल. ज्या आठवड्यात ते तळाच्या खाली जाते त्याच सुमारास ओढ्याचे खळखळणे थांबते. त्यापुढे उलटा व्यवहार सुरू होतो: वरून आलेले पाणी ओढाच जमिनीला देऊ लागतो. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. डिसेंबरच्या पहाटे ओढ्यात अनवाणी चालले तर जेथे पाझर येतो तेथे पायाला ऊब लागते. धुणे धुणाऱ्या बायकांना या जागा नेमक्या ठाऊक असतात.

आता थोडा हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ४०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर एकूण २०० कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो. पण त्यातील बरेचसे बाष्पीभवनाने आणि वनस्पतींवाटे हवेत जाते, काही वाहून जाते. भूजलाचा अंदाज बांधताना बेसॉल्टसाठी पावसाच्या ७ ते १३ टक्के पाणी मुरते असे धरण्याची पद्धत आहे. आपण १० टक्के धरू. म्हणजे २० कोटी लिटर. ओढा आणि सगळ्या विहिरी यांचा वर्षाचा शिधा एवढाच.

या शिध्यातून कोणाला किती लागते? माणशी रोजी ५५ लिटर धरले तर हजार लोकवस्तीला वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पाणी लागते. उसाला हंगामात २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एक हेक्टर उसालाही २ कोटी लिटर. हजार माणसांचे वर्षाचे पाणी आणि एक हेक्टर ऊस यांचे माप सारखे! दहा हेक्टर ऊस उभा राहिला की हिशेबापुरता ओढा संपला. (शेताला दिलेल्या पाण्यातील काही भाग पुन्हा मुरतो, तेव्हा प्रत्यक्षात गणित इतके कठोर नसते, पण फळ्यावर मांडायला हे पुरे आहे.) उलट ओढा सरासरी सेकंदाला १० लिटर या गतीने १२० दिवस वाहत राहिला तर त्याला सुमारे १० कोटी लिटर लागतात. मुरलेल्या पाण्यापैकी निम्मे.

‘म्हणजे निम्मे पाणी ओढ्यात वाया जाते’, असे येथे कोणीतरी म्हणतेच. वाया जाते का, ते पाहू. त्यासाठी ओढ्यात उतरून एक दगड उचलायचा.

दगड उथळ आणि खळाळत्या जागेतला, तळहाताएवढा घ्यावा. पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन त्यावर तो उलटा धरावा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग दगडाचाच एक तुकडा चालू लागतो. चपटे शरीर, मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे पानांसारखे कल्ले – हे मेफ्लायचे पिल्लू. ते पाण्यात कित्येक आठवडे किंवा महिने काढते, दगडावरचे शेवाळ खरवडून खाते. पंख फुटून बाहेर पडले की त्याचे आयुष्य काही तासांचे, फार तर एक-दोन दिवसांचे. प्रौढाला खाण्यायोग्य तोंडच नसते. दगडाला चिकटलेली, वाळूच्या कणांची, लवंगेएवढी नळी दिसली तर ती कॅडिसफ्लायच्या अळीची. फुलपाखरांची ही दूरची भावंडे. अंगच्या रेशमाने वाळूचे कण जोडून घर बांधतात. त्यांच्यातील काही जाती घर न बांधता दोन दगडांच्या फटीत रेशमाचे जाळे लावतात आणि वाहत येणारे कण त्यात पकडतात. प्रवाह थांबला की या जाळ्याचा उपयोग संपला. चतुर आणि टाचणी यांची पिल्ले मात्र शिकारी. मेफ्लाय, कॅडिसफ्लाय यांना मराठीत रूढ नावे नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. मुलांनी ठेवलेली नावे वापरावीत. एखादे चांगले असेल तर टिकेल.

नावांवरून आठवले. खळाळात दगडाला चिकटून राहणारा एक बोटभर मासा असतो, मल्या. त्याच्या हनुवटीखाली चूषक चकती असते, तिच्या जोरावर तो वेगाच्या पाण्यातही जागा सोडत नाही. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली तेव्हा अनेक माशांच्या शास्त्रीय नावांत त्याने स्थानिक लोकांकडून ऐकलेली नावे तशीच घेतली. त्यामुळे मल्याचे शास्त्रीय नाव आजही ‘गारा मुल्ल्या’ असे आहे, आणि महासीर माशाच्या एका जातीचे ‘टोर खुद्री’. माशांची माहिती असलेला कोळी किंवा कातकरी येथे निनावी राहिला, त्याचा शब्द मात्र जगभरच्या ग्रंथालयांत पोचला.

दगडाखालच्या या वस्तीला दोन गोष्टी हव्यात: वाहते पाणी आणि त्यात विरघळलेला प्राणवायू. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. म्हणून काठावरच्या उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची सावली महत्त्वाची. आणि त्यांची गळलेली पाने हे तर वस्तीचे अन्नच. पानावर प्रथम बुरशी वाढते, मग ते मऊ पान खेकडे, झिंगे, अळ्या कुरतडतात, त्यांनी सोडलेला चुरा जाळीवाल्या अळ्या गाळून घेतात.

ओढा आटणे हे या जीवांना नवे नाही. आपल्याकडचे ओढे दर उन्हाळ्यात आटतच आले आहेत. काहींची अंडी ओलसर गाळात टिकतात, खेकडा बिळात खोल जातो, काही पिल्ले तळाच्या वाळू-गोट्यांखाली जेथे ओल असते तेथे उतरतात, मासे डोह गाठतात. प्रश्न आटण्याचा नाही, तारखेचा आहे. पंख फुटायला जितके आठवडे लागतात त्याआधीच प्रवाह तुटला तर ती पिढी गेली. वरच्या थरातील ओलही खाली गेली तर वाळूखालचा आसराही गेला. आणि प्रवाह तुटल्यावर जी डबकी उरतात त्यांत वेगळीच वस्ती येते. ग्रामीण भागात हिवताप पसरवणारा ‘अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेशिस’ हा डास ओढ्याच्या पात्रातील साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. थाळीत मेफ्लायऐवजी डासांच्या अळ्या येऊ लागल्या की ओढा थांबला असे समजावे.

काठावरची माणसांची वस्तीही अशीच पाण्यावर बेतलेली असते, पण तिच्या नियमांत निसर्गापेक्षा माणसाचा हात मोठा. अनेक गावांत ओढ्याचे पाणवठे जातीनुसार वाटलेले असत. वरच्या अंगाला सवर्णांचा, त्याखाली इतरांचा, सर्वांत खाली अस्पृश्य मानलेल्यांचा, जेणेकरून त्यांना स्पर्शलेले पाणी वर येऊ नये. पाणी उताराकडे वाहते हा साधा नियम माणसाने माणसाला खाली ठेवण्यासाठी असा वापरला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते याच व्यवस्थेविरुद्ध. कायदा बदलला, नळ आले, तरी वस्त्यांची जागा बदललेली नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला, स्वतःची विहीर नसलेली माणसे अजूनही त्याच वर्गांतील आहेत असे अनेक गावांत दिसते. नळाला पाणी नसले की त्यांना उरतो तो पात्रातला झिरा. वाळू हातभर उकरायची, पाणी निवळू द्यायचे, वाटीने हंडा भरायचा. जनावरांना, धुण्याला ओढाच. विहीर सातबाऱ्यावर असते, ओढा सर्वांचा असतो. म्हणून ‘वाया जाणारे’ पाणी जमिनीतच उपसून घेतले की आधी दगडाखालचे जीव जातात, मग झिरे, मग उथळ हातपंप. ज्याची विंधन विहीर सर्वांत खोल, त्याला हे सर्वांत शेवटी कळते.

१९७२ च्या दुष्काळात खडक फोडणारी विंधन यंत्रे पिण्याच्या पाण्यासाठी गावोगाव आली. पुढे तीच शेतीसाठी वापरात आली. दहा-पंधरा मीटरची जुनी विहीर वरच्या मुरमातले पाणी घेत असे. ती आटली की शेतकरी थांबे, आणि त्यामुळे ओढ्यालाही थोडे राही. विंधन विहीर खालच्या थरातील भेगांपर्यंत जाते. शिवाय वरच्या थरांत तिला नळी घातलेली नसेल तर वरचे पाणी त्या भोकातून खाली गळत राहते. स्पंजाखालच्या फरशीला भोक पाडल्यासारखेच ते.

यावर उपाय म्हणून अलीकडे गावोगाव ओढे रुंद आणि खोल करण्यात आले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर भागात असे काम झाले, त्याचा गाजावाजा झाला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणाला जोर आला. साचलेला गाळ काढणे ही वेगळी गोष्ट, तो काढावाच. पण शिरपूरच्या बऱ्याच भागात तापीचा गाळाचा जाड थर आहे. तेथील खोदाई बेसॉल्टच्या पातळ मुरमात तशीच लागू पडत नाही. ओढ्याचा तळ मुरमातून दोन-तीन मीटर खाली नेला की तो भूजलाच्या पातळीखाली जातो आणि दोन्ही काठांतील पाणी चरात यावे तसे त्यात उतरते. खोल नाल्यात निळेशार पाणी दिसते, छायाचित्रे निघतात. ते पाणी बहुधा शेजारच्या विहिरींतलेच असते, फरक एवढाच की आता ते उन्हात उघडे पडलेले असते. खळाळ, गोटे, काठची झाडे यंत्राखाली जातात ते वेगळेच. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या अहवालात या अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजलपातळी वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही असा निष्कर्ष आहे.

खोदण्याने नव्हे, ठरवण्याने ओढ्याला पाणी राहते, हे पुरंदरमध्येच एकदा दाखवून झाले आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे देवस्थानची सुमारे १६ हेक्टर पडीक जमीन घेऊन पाणलोटाचे काम केले आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना पुढे आली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. बांधबंदिस्ती पुष्कळांनी केली, पण भूमिहीनाला पाण्याचा हक्क देण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत असा नियम केला, आणि तेथे पडलेल्या पावसावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. वर आपण केला तोच हिशेब, गावाने बसून केलेला.

शाळेला करण्याजोगे काम साधे आहे. ओढ्याचा दहा मीटरचा सरळ भाग निवडावा. रुंदी आणि तीन-चार ठिकाणी खोली मोजावी, संत्र्याची साल पाण्यात सोडून ती दहा मीटर किती सेकंदांत जाते ते पाहावे. समजा रुंदी १ मीटर, सरासरी खोली १० सेंटिमीटर आणि वेळ ४० सेकंद. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर. तळाशी पाणी सावकाश जाते म्हणून त्याला ०.८ ने गुणावे. प्रवाह निघतो सेकंदाला २० लिटर. ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला ही नोंद, त्याच दिवशी जवळच्या दोन विहिरींची पातळी, आणि थाळीत आलेल्या जीवांची मोजदाद. दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. आणि ज्या दिवशी संत्र्याची साल जागची हलत नाही ती तारीख व्हरांड्याच्या भिंतीवर रंगाने लिहायची, शेजारी त्या वर्षीचा पाऊस. पुढच्या वर्षी तिच्याखाली दुसरी. पाऊस तेवढाच असूनही तारीख अलीकडे सरकू लागली तर तो आकडा घेऊन मुलांनी ग्रामसभेत जावे.